काका, जरा सरका

"काका, जरा सरका," असं दगडाला म्हणत तिनं नारळाच्या सोडणानं तो घासला. मी बादलीनं पाणी ओतलं. रविवारची सकाळ होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी जेवून ती आडवी झाली, ती उठलीच नाही.

पनवेलच्या खाडीकडं फिरायला जात असाल तर तुम्ही तिला पाहिलं असेल. जुन्या धक्क्याजवळ निवृत्त खलाशांच्या मंडळानं काळा दगड उभा केलाय. दुसऱ्या महायुद्धात मालाच्या बोटींवर गेले आणि परत आले नाहीत, अशा आपल्याकडच्या माणसांची नावं त्यावर आहेत. त्याच्यापुढं लुगडं खोचून बसलेली म्हातारी, ती आमची ही. बघणाऱ्यांना वाटायचं, देवाचं काहीतरी आहे. एकदा एका बाईनं तिथं नारळ ठेवला. हिनं उचलून तिच्या हातात दिला. "बाय, हा देव नाय. हे माझे काका हायत, नि ते घरी खाटेवर गेले."

खरंच होतं ते. त्या काळी बोटीवर चढायला खलाशाकडं नळी लागायची. नळी म्हणजे नोकरीचा दाखला. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून ते नाव. नळी काकांची होती. बोट सुटायची वेळ आली आणि काका तापानं फणफणले. मग धाकटा भाऊ, म्हणजे हिचा बाप, तीच नळी घेऊन गेला. आगवाला म्हणून, बॉयलरमध्ये कोळसा टाकायला. बोट बुडाली. तार आली ती काका बुडाल्याची. काकांनी अंगणात उभं राहून स्वतःच्या मरणाची तार स्वतः घेतली. ही तेव्हा पाळण्यात होती.

काका पुढं पुष्कळ जगले. दात पडले, नातवंडं खेळवली. धक्क्याकडं मात्र कधी फिरकले नाहीत. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी दगड झाला, तेव्हा जुन्या कागदांवरून त्यांचंच नाव कोरलं गेलं.

मंडळाचे लोक भले. हिनं जाऊन सगळं सांगितलं, तर म्हणाले, "काकांच्या मुलानं लिहून दिलं, तर खाली तुमच्या वडलांची एक ओळ वाढवू." तो मुलगा म्हणजे हिचा चुलतभाऊ. दरवर्षी तिथल्या कार्यक्रमात पहिल्या खुर्चीवर बसून हार घेणारा. ही त्याच्याकडं गेली, तर तो भडकला. "माझ्या बापाचं नाव पुसायला निघालीस?"

"पुसायचं नाय रे. ताप आला त्यात काकांची काय चूक? खाली एक ओळ फक्त."

त्यानं लिहिलं नाही. हिनं भाऊबीज चुकवली नाही. ओवाळताना एवढंच म्हणायची, "हार शोभतो हो तुला."

आणि मी काय केलं? काही नाही. जन्म मिठागरात गेला, शाळा चौथीपर्यंत. कागद दिसला की मी बाजूला. वर तिलाच ऐकवायचो, "दगड घासून बाप परत येतो काय?"

"परत कशाला? गेला होता, एवढं तरी लिवा."

त्याचा अर्थ मला तिला पोचवून आल्यावर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली आणि पळस्प्याला चुलतभावाकडं गेलो. सुतकात कुणाच्या घरात जाऊ नये, म्हणून अंगणात उभा राहिलो. तो घाबरून बाहेर आला. "दाजी, तुमी कशाला आलात? मीच निघालो होतो."

"रडायला नाय आलो. कागद आण."

तो आतून वही घेऊन आला, ओट्यावर बसला. पेन उघडलं. "काय लिवू, दाजी?"

"झालं ते लिव."

लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं. 'माझे वडील बोटीवर गेले नव्हते. ते घरी वारले. त्यांच्या नळीवर माझे चुलते गेले.' चुलत्याचं नाव घालायचं राहिलंच होतं. मी पेन मागून घेतलं आणि सासऱ्यांचं नाव माझ्या हातानं लिहिलं. अक्षर मोठं आलं, ओळीबाहेर गेलं.

कागद खिशात घालून मंडळाच्या ऑफिसकडं निघालो. ते नऊला उघडतं. मी आठलाच दाराशी जाऊन बसलो.