काकूच्या डब्याची परतफेड

माफ करायला शिकावं, असं म्हणतात. मी शिकले नाही, आणि या वयात शिकायचा विचारही नाही.

माझी थोरली काकू बेळगावात राहायची. काका तिथे सरकारी कचेरीत होते. आम्ही खानापूरजवळच्या खेड्यात, शेतावर. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. दर दिवाळीला काकूकडून एक मोठा पत्र्याचा डबा यायचा. तिची लेक माझ्यापेक्षा थोडी मोठी, तिला नको झालेली खेळणी त्यात कोंबलेली असायची. किल्ली हरवलेली आगगाडी. सोंगट्या नसलेला सापशिडीचा पट. एका वर्षी बाहुली आली, तिचे केस त्या लेकीने कात्रीने कापून टाकले होते आणि एक डोळा कायमचा मिटलेला होता.

मी कुरकुरले की आई म्हणायची, "धर्माची गाय, दात का गं न्हाय! गप खेळ की."

तेही चाललं असतं. पण काकू गावी आली की आधी मला ती सगळी खेळणी बाहेर आणायला लावायची. ओसरीवर मांडून घ्यायची आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "पोरीला काही कमी पडू देत नाही हो आम्ही." एखादं चाक निखळलेलं दिसलं तर, "काय गं, जपून वापरायला नको?" चाक बेळगावातच निखळलेलं असायचं. ते सांगायला मी तोंड उघडलं की आई माझ्या दंडाला चिमटा काढायची.

आणि आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत. म्हणजे मोडकी खेळणी यायची आणि वासाचा नवा तांदूळ जायचा. काकांच्या वाट्याची पोती सुगीनंतर वेगळी जायचीच, हा त्यावर. घरी आम्ही जाडाभरडा खायचो. तरी अख्ख्या गल्लीत देणारी कोण, तर काकू.

मग एका जत्रेत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला गोकाकचा लाकडी पोपट घेऊन दिला. नवा कोरा. नाकाजवळ नेला की रंगाचा वास यायचा. माझ्याआधी कुणी खेळलेलं नाही असं ते माझं पहिलंच खेळणं. मी ते उशाशी घेऊन झोपायचे.

आठवडा झाला नसेल, तोवर काकू लेकीला घेऊन आली. लेकीने पोपट पाहिला आणि भोकाड पसरलं. काकूने सरळ माझ्या हातातून तो काढून घेतला. "दे गं तिला. आम्ही तुला एवढं देतो, तू एक दिलंस तर काय झालं?" मी आईकडे पाहिलं. आई चुलीत लाकूड सारत बसली. आप्पा शेतावर होते. पोपट बेळगावला गेला.

मी रडले नाही. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली.

संक्रांतीला काकूकडे हळदीकुंकू होतं. आईने आदल्या दिवशी डबा तांदळाने भरला, झाकणावरून सुतळी बांधली आणि खळ्यावर गेली. मी सुतळी सोडली. तांदूळ परत कणगीत ओतला. वजनाला कमी लागू नये म्हणून तळाशी नदीतले गोटे घातले, वाजू नयेत म्हणून त्यावर चिंध्या दाबल्या, आणि वर काकूची सगळी खेळणी रचली. बाहुली सगळ्यांच्या वर, तोंड आभाळाकडे करून. सुतळीला आईसारखीच गाठ मारली. एवढं मन लावून मी शाळेचा अभ्याससुद्धा कधी केला नव्हता.

रेल्वेत डबा आईच्या मांडीवर होता. मी खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते.

काकूची खोली बायकांनी भरली होती. काचेच्या कपाटात माझा पोपट, चोच उडालेला. काकूने डबा मधोमध ठेवला. "गावाकडचा तांदूळ बघा आमचा. वास कसा घमघमतो!"

झाकण निघालं. घमघमाट कसला! बाहुली एका डोळ्याने साऱ्या बायकांकडे बघत होती. कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारची म्हातारी वाकून म्हणाली, "अगं बया, ही आगगाडी तुझ्याच लेकीची न्हवं? गटारीत पडलीती ती?" खरं सांगते, एवढं गोड वाटलं की त्या दिवशी तिळगूळ मिळाला नाही तरी चाललं असतं.

काकू आईवर उसळली. "हे काय आणलंस?" आता आईचा हात पाठीत बसणार म्हणून मी अंग चोरलं. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातल्या पोपटाकडे.

"डबा रिकामा कसा आणायचा आक्का," ती म्हणाली. "तुमचंच हाय, मोजून घ्या."

आणि पदर सावरून, हळदीकुंकू न घेता, मला घेऊन बाहेर पडली. माझा हात तिने घर येईपर्यंत सोडला नाही.

काही दिवसांनी काका एकटेच गावी आले. स्वभावाने भला माणूस. पिशवीतून पोपट काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. "घे बाळ, तुझा तुला."

मला तो हवा होता. इतका हवा होता की हात आपोआप पुढे गेला. मग चोचीच्या जागी उघडं पडलेलं लाकूड दिसलं.

"वापरल्यालं न्हाय घेत मी," मी म्हणाले.

काका पोपट पिशवीत घालून निघून गेले. ते वळणापलीकडे गेल्यावर मी गोठ्यात जाऊन पोटभर रडले. पण आजही तो पोपट कुणी पुढे धरला, तर मी हेच म्हणेन.