आमच्या ब्लॉगचं अक्षर

"अक्षर चांगलं हाये," नवरा म्हणाला. "हात बसलेला हाये मानसाचा. कोनाचं हाये वं?"

त्यांच्या हातात ड्रॉइंगचा कागद होता. त्यावर काळ्या रंगानं, ब्रशनं, क पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढलेली होती आणि खाली एक ओळ लिहिलेली होती. सगळं त्यांनीच लिहिलं होतं, आदल्या दिवशी दुपारी, याच चटईवर बसून, माझ्यासमोर. अंगठ्याला लागलेला काळा रंग अजून निघाला नव्हता.

"तुमचंच हाये," मी म्हटलं.

"माहं?" त्यांनी कागद लांब धरला, मग नाकाजवळ आणला. "मंग काय लिवलं मी?"

"येथे बोर्ड रंगवून मिळतील."

"हाव का," ते म्हणाले. कागद नीट खाली ठेवला, आणि चहा मागितला. मी उठून चहा केला. दुसरं काय करणार.

आम्ही तो कागद ब्लॉगसाठी करत होतो. आमच्याजवळ तेवढी एकच आशा उरली होती.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. नवरा बोर्ड रंगवायचा. अमडापूरच्या बाजारातले, चिखलीचे, पार जानेफळपर्यंतचे दुकानांचे, गिरण्यांचे, शाळांचे बोर्ड त्यांनी रंगवले. चुन्याचा दोरा मारून ओळी आखायच्या, तेव्हा दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात असे. ते अक्षराची कड काढायचे, आतला रंग मी भरायचे. मग फ्लेक्स आला आणि ते काम संपलं. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. पण जुने बोर्ड लोक खरडून काढू लागले, तेव्हा सून म्हणाली, "आई, राहिलेल्यांचे फोटो काढू. तुम्ही त्याखाली चार ओळी लिहा." सून बुलढाण्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं ब्लॉग काढून दिला. मी मोबाइलवर एका बोटानं लिहू लागले. कोणत्या गिरणीवाल्यानं रंगाचा डबा लपवला, कोणत्या शाळेच्या भिंतीवर चढताना शिडी घसरली, असलं सगळं.

पहिला माणूस वाचणार तो नवरा. पहिल्याच दिवशी त्यांनी नाक मुरडलं.

"हे अक्षर उपाशी हाये. शेवया टाकल्या का वाळवाले?"

सून म्हणाली, "बाबा, हा फॉन्ट आहे. बदलता येतो."

तिला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. तीन रविवार गेले. बोर्ड तपासायची यांची एक रीत होती: रस्ता ओलांडून पलीकडे उभं राहायचं आणि तिथून वाचायचं. वाचता आलं तर बोर्ड पास. तसाच त्यांनी लॅपटॉप आमच्या ओट्यावर स्टुलावर ठेवला आणि स्वतः समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

दुकानदार म्हणाला, "काका, एवढ्या दुरून सिनेमा पाहून राह्यले काय?"

"सिनेमा नाई बे. तुह्या काकूचं अक्षर तपासून राह्यलो."

दुसरा फॉन्ट जाड होता. "याचे डोये बुजले," म्हणाले. खरंच, ध आणि घ यांच्या पोटातली जागा काळी झाली होती. तिसऱ्याची शिरोरेघ मधे मधे तोडलेली, फॅशनची. "याले टक्कल पडलं." चौथा त्यांना पटला. थोडा गुबगुबीत, पण पोटं मोकळी, काने सरळ. तेवढ्यावर थांबले नाहीत. अक्षरांचा रंग राखाडी होता. "राख काऊन फासली? मेलं का कोनी?" तो काळा करून घेतला. ओळींमधली जागा वाढवून घेतली, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीच्या डोक्यावर पाय देतो म्हणे. शेवटी अक्षर इतकं मोठं झालं की मोबाइलवर एका ओळीत दोनच शब्द मावू लागले.

"बाबा, हा ब्लॉग आहे, बस स्टँडचा बोर्ड नाही," सून म्हणाली.

"ज्याले दिसत नाई त्याले पन दिसलं पाह्यजे," ते म्हणाले.

दोघांनी भांडून मधलं माप ठरवलं. माझ्या वयाच्या बायका फोन करून सांगू लागल्या की चष्मा न लावता वाचता येतं. नवरा प्रत्येक लेख वाचायचा आणि माझ्या चुका काढायचा. त्याचा मला राग यायचा.

मग एक दिवस सकाळी त्यांनी पेपर उघडला आणि म्हणाले, "आज पेपर कानडीत काऊन छापला?"

मला वाटलं थट्टा करतात. मी म्हटलं, "तुमच्यासाठीच छापला." त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग ब्लॉग उघडायला सांगितला. त्याकडे पाहत बसले आणि मोबाइल उलटा करून चटईवर ठेवला.

आधी आम्ही चष्मा बदलला. तो चष्मेवाला चांगला नाही म्हणून दुसऱ्याकडून बदलला. त्यात कितीतरी दिवस घालवले, ही आमची अक्कल. जेवताना ताटात उजवीकडची भाकर तशीच राहायची, तेही मी मनावर घेतलं नाही. शेवटी बसनं बुलढाण्याला गेलो. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत. दुसऱ्यानं डोक्याचा फोटो काढला आणि सांगितलं, मेंदूत एका जागी रक्त पोचलं नाही. ती अक्षरं ओळखायची जागा. उजवीकडचं कमी दिसतं तेही त्यामुळंच. बोलता येईल, लिहिता येईल, वाचता येणार नाही.

"लिहिता येते तं वाचता काऊन नाई?" मी विचारलं.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. मला समजलंही. पण मी ते मानलं नाही. मी फॉन्टवर राग काढला. डोकं आपल्याला बदलता येत नाही, फॉन्ट बदलता येतो, म्हणून. सुनेला म्हटलं, दुसरे आण. तिनं पुस्तकासारखा आणला, पोथीसारखा आणला, अंकलिपीसारखा आणला. दर रविवारी नवरा त्या पायरीवर जाऊन उभा राहायचा.

"दिसते का?"

"साफ दिसते. वाचल्या जात नाई."

दुकानदारानं थट्टा बंद केली होती. तो त्यांना बसायला खुर्ची आणून द्यायचा.

एक दिवस पाहते तर त्यांचं बोट मांडीवर फिरत होतं. स्क्रीनवरचं एक अक्षर ते मांडीवर गिरवत होते. गिरवून झालं आणि म्हणाले, "म." बरोबर होतं. डोळ्यांना जे कळत नव्हतं ते हाताला कळत होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यावर ओरडलेच, "पुढचं गिरवा!"

पण मोबाइलवर बोट ठेवलं की पान पळायचं. ते ब्रश ओढावा तसं बोट वरून खाली ओढत, आणि अक्षर बोटाखालून निघून जाई. मग सुनेनं पानं छापून आणली. कागद पळत नव्हता, पण शब्द पळायचे. चौथं अक्षर गिरवेपर्यंत पहिलं विसरलेलं असायचं. माझ्या एका लेखाचं पहिलं वाक्य त्यांनी अख्खी सकाळ वाचलं. सात शब्दांचं वाक्य. शेवटी घामानं भिजले आणि मला विचारलं, "सुरुवातीले काय होतं?"

तेव्हा सून म्हणाली की माणसाच्या स्वतःच्या हातच्या अक्षराचाही फॉन्ट करता येतो. बाबांनी सगळी अक्षरं कागदावर काढून द्यायची, तिच्या ओळखीचा एक जण करून देईल. मला ते पटलं. परकं अक्षर नाही ओळखत, पण स्वतःचं कसं ओळखणार नाही? आठ दिवस ते बसून लिहीत होते. हात जराही हलला नाही. जोडाक्षरंसुद्धा सगळी काढली, कुठे अडले नाहीत. शेवटच्या दिवशी क पासून ज्ञ पर्यंत पुन्हा एका कागदावर उतरवलं, आणि तो वाळायला ठेवला तेव्हा ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कागद उचलून त्यांनी मला विचारलं, कोणाचं अक्षर आहे.

रविवारी सून आली. म्हणाली, "झालं ना सगळं? द्या, मी पाठवते."

"राहू दे," मी म्हटलं. "त्याहिचं त्याहिले वाचता येत नाई."

ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडून का होते? ते मशीन उघड."

"मग फॉन्ट कोणता ठेवू, आई?"

"लोकायले वाचता येईन तो ठेव."

तिनं एक साधा ठेवला. लोक म्हणतात, छान आहे, डोळ्यांना त्रास होत नाही.

मी त्यांना वाचून दाखवते म्हटलं. दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला. "तू वाचतं तं तुहा आवाज ऐकू येते. मले अक्षर पाह्यजे." मग मी ते सोडून दिलं. पेपर बंद केला. माझ्या लेखातल्या चुका आता तशाच राहतात, काढणारं कोणी नाही. लिहिणंही कमी झालं आहे. डॉक्टर म्हणतो तेच खरं होतं, आणि मी वर्षभर त्यांना त्या पायरीवर उभं केलं.

हे ज्यांच्यावर आलं ते माझे मालक, बोर्ड रंगवणारे. हातपाय चालतात, जेवतात, घरात आहेत. लिहिणारी मी त्यांची बायको, चौथी शिकलेली. अमडापूरला या घरात आम्ही दोघंच राहतो.