जाऊबाईंचे कान आणि गाडीचा स्टिरिओ

माझ्या थोरल्या जाऊबाई पडदे शिवतात. नुसते शिवत नाहीत. लोकांच्या घरी जाऊन, स्टुलावर चढून, भिंतीला भोकं पाडून टांगूनही येतात. ड्रिल, दांड्या, कापडाची गाठोडी असा सगळा संसार त्यांच्या छोट्या जुन्या गाडीत असतो. भावजी गेले तेव्हा सगळेच धरून चालले होते, की आता ही बाई मुलाकडे राहायला जाणार. त्यांनी सरळ ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

अशा या बाईंना ऐकू येईनासं झालंय, असं मध्यंतरी घरात ठरलं. ठरवलं त्यांच्या मुलानं, पण खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यांनीच माना डोलावल्या. पुरावा म्हणजे गाडीतला रेडिओ. तो इतका मोठा लावलेला असायचा, की शेजारी बसणाऱ्याचं डोकं उठावं. "ताई, जरा कमी करा ना," म्हटलं की त्या म्हणायच्या, "अगं, कुठे मोठा आहे? मला तर नुसती कुजबुज ऐकू येतेय."

एका रविवारी चिरंजीव आले, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि विषय काढला.

"आई, कान गेलेत तुझे. मागून ट्रक हॉर्न मारेल आणि तुला पत्ताही लागणार नाही. गाडी विकून टाकू. कामाला टॅक्सीनं जात जा."

"टॅक्सीत माझ्या लांबलचक दांड्या तू धरून बसणार का?"

"मग काम बंद कर. कुणी सांगितलंय या वयात स्टुलावर चढायला?"

जाऊबाई शांतपणे चहाचे कप गोळा करत होत्या. "माझे कान शाबूत आहेत. स्टिरिओ बिघडलाय."

"स्टिरिओ बिघडला तर आवाज येत नाही, आई. इथे काचा हादरतात!"

"दुकानात दाखवू. बिघडलेला निघाला तर गाडी विकायचं नाव काढायचं नाही."

"आणि चांगला निघाला तर किल्ली माझ्याकडे."

"कबूल," म्हणून त्या मोकळ्या झाल्या. घाम फुटला तो मला.

गाड्यांचे सेट बसवणारा दुकानदार डाव्या खिडकीतून आत वाकला. बटणं दाबली, दोन स्टेशनं बदलली. "सेट एकदम ठणठणीत आहे, आजी."

आजी म्हटल्यावर जाऊबाईंचे ओठ आवळले गेले.

"पण मॉडेल फार जुनं. हे काढून टाका. स्क्रीनवाला बसवून देतो."

"ठणठणीत आहे म्हणालात ना?"

"एकदम!"

"मग काढायचा कशाला?"

"आता असला सेट कोण वापरतं, आजी?"

"मी."

चिरंजीवांनी तिथेच हात पुढे केला. जाऊबाई म्हणाल्या, "उद्या एका वकीलबाईंकडे पडदे टांगायचेत. तेवढे टांगते, मग बघू." तो उद्या संध्याकाळी येतो म्हणाला. येणार म्हणजे किल्ली न्यायलाच येणार, हे तिघांनाही कळत होतं.

सकाळी सकाळी मला फोन आला, "धाकटे, ये जरा." गेले तर बाईसाहेब गाडीत. स्टिरिओला थापट्या मारून झाल्या होत्या, एरियल पिळून झालं होतं, फ्यूजसुद्धा काढून पुसून लावला होता. फरक शून्य.

"तू माझ्या जागेवर बस," त्या म्हणाल्या.

"मला कुठे गाडी येते?"

"चालवायला नाही गं, ऐकायला."

मी स्टिअरिंगमागे बसले, त्या डावीकडे. त्यांनी रेडिओ लावला. कुणीतरी लांबच्या खोलीत बोलत असावं तसा आवाज येत होता. मी म्हटलं, "ताई, जरा मोठा करा," आणि जीभ चावली.

जाऊबाई हसल्या नाहीत, पण डोळे चमकले. त्यांनी आवाज उजवीकडे-डावीकडे वळवायचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं. गाडी मुकी. पूर्ण डावीकडे फिरवलं, तर काचा थरथरल्या. "म्हणजे सगळा आवाज तुम्हा लोकांच्या बाजूला," त्या म्हणाल्या. "आणि बहिरी मी!"

बघायला म्हणून बटण पुन्हा उजवीकडे फिरवून ठेवलं. मी उतरायला दार उघडलं आणि माझ्या गुडघ्याशी कुणी तरी गायलाच लागलं. दार लावलं, गाणं बंद. उघडलं, सुरू.

त्या फिरून माझ्या बाजूला आल्या. बिजागरीपाशी गाडीतून दारात जाणारी रबराची नळी असते, ती चाचपून म्हणाल्या, "दारातल्या स्पीकरची वायर हिच्या आत तुटलीय."

ती का तुटली तेही लगेच समोर आलं. गिऱ्हाइकाच्या घरी शिरण्याआधी पडद्यांच्या चुण्या बसवायची त्यांची एक रीत आहे. ड्रायव्हरचं दार सताड उघडायचं, अस्तराचे जड पडदे त्यावर टाकायचे, म्हणजे कापड जमिनीला लागत नाही, आणि मग स्वतः दारावर रेलून चुण्या घालायच्या. वर्षानुवर्षं ते दार ताणलं जात होतं.

"हे मात्र माझंच कर्तृत्व," त्या म्हणाल्या.

"मग जोडून घेऊ या?"

"हात लावायचा नाही. त्याला येऊ दे."

संध्याकाळी चिरंजीव आले. त्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवण्यात आलं. रेडिओ आधीच चालू होता, बटण पूर्ण उजवीकडे. मिनिटभर बसून तो म्हणाला, "लाव ना मग. आवाज तरी वाढव."

"कधीपासून बहिरा झालास रे?" जाऊबाईंनी विचारलं.

दार उघडून, लावून, पुन्हा उघडून झालं. त्याचा चेहरा उतरला, पण तोही त्यांचाच मुलगा. "ते ठीक आहे. तरी आई, एकदा कान तपासून घे."

"घेते की! चष्मा लागला तेव्हा गाडी विकलीस का? कानाला यंत्र लागलं तर तेही लावीन. आणि चालवणं जमेनासं झालं तर किल्ली मीच खुंटीला अडकवीन. पण ते मी ठरवणार. सोफ्यावर बसून तू नाही."

तो गाडीतून उतरला. मग म्हणाला, "निदान नवा सेट तरी बसवू दे. माझ्याकडून."

"तुटलीय वायर आणि बदलायचा सेट?"

"जुना आहे गं तो."

"असू दे. दार धर नीट, हलवू नकोस."

त्यानं निमूटपणे दार धरलं. जाऊबाईंनी रबर मागे सारलं, तुटकी टोकं सोलली, तारेचा जास्तीचा तुकडा घालून पीळ दिला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. दार लागलं तरी उजवीकडचा आवाज तसाच राहिला. त्यांनी तो स्वतःच्या हातानं कमी केला.

मग ड्रिल आणि उरलेले पडदे मागे टाकायला लागल्या.

"आता कुठे?" त्यानं विचारलं.

"वकीलबाईंची एक खोली राहिलीय. खोळंबल्या असतील."

"आई, अंधार पडेल!"

"गाडीला दिवे आहेत."

मी मागच्या सीटवर चढून दांड्या धरल्या. जाऊबाईंनी आरसा बघितला. फाटकात, बरोबर आमच्या मागे, चिरंजीवांची लांबलचक गाडी उभी होती. त्यांनी हॉर्नवर हात दाबला आणि त्यानं गाडी काढेपर्यंत काही उचलला नाही.