अक्कांची शेवटची दहा मिनिटं

डावा तळहात टीव्हीसमोर धरून त्या म्हणत, "जरा थांबा." हे त्या यंत्राला म्हणत, आणि तेही अहोजाहो करून. मग उजव्या हातानं डेकचं बटण दाबत. पडद्यावरची जपानी मुलगी तोंड अर्धवट उघडं ठेवून थरथरत उभी राही आणि अक्का आमच्याकडे वळत. "आता ही काय म्हणाली, ऐका."

नातवंडांनो, हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. तिनं या बाईंना पाहिलं आहे, त्यामुळे मी काही वाढवून सांगितलं तर ती मला पकडेल. मी वाढवणार नाही. मी हे रागात लिहिते आहे, आणि रागात असताना माणसानं जास्तच मोजून लिहावं, असं मी जन्मभर वर्गातल्या मुलींना सांगत आले.

अक्का आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत. मी इंग्रजी शिकवत होते, पुढे मुख्याध्यापिका झाले. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, तरी मला 'मॅडम' म्हणत. तंजावरच्या राजवाड्यामागे, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहत. त्यांचे वडील कीर्तनकार. लहानपणी अक्का त्यांच्या मागे उभ्या राहून झांजा वाजवत. पुढे उभं राहून कथा सांगावी अशी त्यांची फार इच्छा होती. एकदा बापाला विचारलंही. तो म्हणाला, "मागे आहेस तेवढं पुरे." मग बाप गेला, कीर्तनाला बोलावणारी म्हातारी माणसं गेली, आणि घरोघर केबल आली.

त्यांचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता. बाहेरचा माल आणणं त्या वर्षांत सोपं झालं होतं. एका रजेत तो कुठल्याही देशाची कॅसेट चालेल असा व्हिडिओ डेक, एक टीव्ही गेमचा डबा आणि खोकंभर जपानी कॅसेटी घेऊन आला. तुम्ही ज्याला अ‍ॅनिमे म्हणता, त्याच्या. जुनी, हातानं काढलेली चित्रं. खाली इंग्रजी अक्षरं नाहीत, काही नाही. भाषेचा गंध कुणालाच नव्हता. भावानं बंदरावरच्या माणसांकडून प्रत्येक गोष्टीचा सांगाडा ऐकून ठेवला होता, तो त्यानं बहिणीला सांगितला आणि तो परत समुद्रावर गेला.

दर शनिवारी दुपारी गल्लीतली मुलं त्यांच्या पुढच्या खोलीत जमिनीवर बसत. अक्का टीव्हीच्या उजव्या बाजूला उभ्या राहत, पदर कमरेला खोचून. निम्मं तमिळ, निम्मं आमचं तंजावरी मराठी.

"हे गाव कुठलं, अक्का?"

"तिरुवैयारु समज. ही कावेरी."

"कावेरीत एवढ्या लाटा?"

"आडी महिना आहे रे डा, आषाढ. धरणाचं पाणी सोडलंय."

जपानी माणसं भाताचे गोळे करून खाऊ लागली की त्या समाधानानं म्हणत, "पाहा. हातानं खातायत. आपलेच लोक." तलवार घेतलेला एखादा कपाळाला आठ्या घालून आला की माझ्याकडे तिरकं पाहत. "हा शाळेत इन्स्पेक्शनला आलेला आहे." मी मागे खुर्चीवर बसलेली असे. सगळ्यांच्या देखत माझी थट्टा करायची हिंमत तंजावरात त्यांचीच होती.

मग गेम. डबा एक, मुलं वीस. नियम अक्कांचा. एक जीव गेला की ऊठ, पण तसंच उठायचं नाही. "मेलास ना? मग कसा मेलास ते सांग." आणि ते नाक वाहणारं पोर उभं राहून गंभीरपणे सांगे, की मी पुलावर होतो, मागून कासव आलं, मला वाटलं ते मित्र आहे. तुमच्या आईचं मराठी मी घरात बोलून सुधारलं नाही. ते तिथं मरून मरून सुधारलं.

त्या खोक्यातलं एक चित्र सगळ्यांचं लाडकं होतं. एक नावाडी आणि त्याची लहान मुलगी. वादळात पलीकडच्या काठावरून आजारी माणसाला आणायला बाप होडी घेऊन जातो. मुलगी पायऱ्यांवर बसून वाट पाहते. इथं अक्का टीव्ही बंदच करत. पुढची दहा मिनिटं त्यांनी कुणाला कधी दाखवली नाहीत. शेवट त्या उभ्यानं, डोळे मिटून सांगत. सातव्या दिवशी होडी काठाला लागली. बाप उतरला. पहिलं काय विचारलं? मुलं एका आवाजात ओरडत, "जेवलीस का?" आणि ती काय म्हणाली? "तुझं झाकून ठेवलंय." मग अक्का सगळ्यांना सुंडल वाटत, पानाच्या तुकड्यावर, मूठ मूठ चणे.

मी एकदा विचारलं, शेवट का नाही दाखवत. म्हणाल्या, "रडत उठू नये कथेतून. बाबा युद्धाचं आख्यान लावायचे तरी राज्याभिषेक वाचल्याशिवाय कुणाला उठू देत नसत."

यावरून मला तो शेवट कळायला हवा होता. मला कळला नाही. मला वाटलं, कॅसेट खराब असेल.

आता त्या प्राध्यापकाकडे येते. गावाबाहेरच्या एका कॉलेजात तो कॉम्प्युटर शिकवत असे. त्याच्या विद्यार्थ्यांनी जपानी चित्रपट आणि गेम यांच्या चाहत्यांचं दोन दिवसांचं संमेलन ठरवलं. फॅन कन्व्हेन्शन, असं मोठ्या अक्षरांत. चेन्नईहून पाहुणे येणार होते. यांच्याकडे कॉम्प्युटर होते, हॉल होता, एसी होता. चित्रपट नव्हते. ते सगळ्या जिल्ह्यात एकाच बाईकडे होते, आणि तो डेकही. म्हणून तो आमच्या शाळेत आला आणि माझ्या खोलीत, माझ्या समोर, अक्कांशी बोलला.

अक्कांनी एकच अट घातली. "गोष्ट मी सांगणार. आणि नावाड्याच्या चित्राची शेवटची दहा मिनिटं लावायची नाहीत."

"कंडिप्पा, मॅडम," तो म्हणाला. नक्की, अगदी नक्की. मी साक्षीदार आहे. जाताना त्यानं मला प्रमुख पाहुणी होण्याची विनंती केली आणि मी हो म्हटलं.

मी व्यवस्थित बाई. कॅसेटी द्यायच्या तर यादी हवी, म्हणून मी ते खोकं घरी आणलं. नावाड्याच्या डब्यात एक घडीचं पत्रक निघालं, त्याच्या पाठीवर इंग्रजीत अर्धं पान गोष्ट होती. बाप परत येत नाही. वल्हं तेवढं वाहत येतं, आणि ती मुलगी ते उचलून दुसऱ्या होडीत चढते. मी ते वाचलं. दोन गल्ल्या चालून जाऊन अक्कांना विचारायला मला पाच मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही. मी ते टाइप केलं, कार्बन लावून तीन प्रती, आणि एक प्रत यादीबरोबर प्राध्यापकाला पाठवली. वर लिहिलं, 'अचूकतेसाठी.'

पहिल्या दिवशी अक्का गल्लीतली सगळी मुलं घेऊन टाऊन बसनं आल्या. नवी कांचीपुरम नेसून, केसात फुलं माळून. जन्मात पहिल्यांदाच त्या स्टेजवर पुढे उभ्या राहणार होत्या. पहिलं छोटं चित्र त्यांनी सांगितलं. मुलं हसली, मागे बसलेली कॉलेजची पोरंही हसली, चांगलं हसली. मग नावाड्याचं चित्र लागलं आणि प्राध्यापक वर गेला, त्यानं अक्कांच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही. पेन मागून घ्यावं तसा घेतला. "बसा मॅडम, दमला असाल. याची आमच्याकडे अचूक प्रत आहे." आणि एका विद्यार्थिनीनं माझं टाइप केलेलं पान वाचायला घेतलं.

चित्र शेवटपर्यंत चाललं. वल्हं वाहत आलं. तुमची आई तेव्हा अकरा वर्षांची. ती हॉलमध्ये उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "अक्का, त्याला जेवण झाकून ठेवलंय ना?"

अक्का म्हणाल्या, "बस, कण्णा, बाळा. लोक पाहतायत."

परतीच्या बसमध्ये एक मुलगा, अगदी शांतपणे, म्हणाला, "अक्का सगळं बनवून सांगत होत्या. सगळी चित्रं." तिथंच संपलं ते. इतक्या शनिवारांचं.

दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आल्या. डेक त्यांचा होता, आणि तो बाकी कुणाला नीट चालवता येत नसे. त्यांना गेमच्या खोलीबाहेर टेबलाशी बसवलं, रांगेतल्यांना टोकन द्यायला. हरून बाहेर पडणाऱ्या एका उंच मुलाला त्या सवयीनं म्हणाल्या, "कसा मेलास ते सांग." तो मित्राकडे वळून इंग्रजीत म्हणाला, ही बाई कोण. मी तिथून बक्षीस समारंभाकडे जात होते. मी थांबले नाही, मला उशीर होत होता.

समारंभात प्राध्यापकानं आभार मानताना विनोद केला. म्हणाला, जपानी दिग्दर्शकांना जे जमलं नाही ते आमच्या तंजावरच्या आंटीनं केलं, मेलेली माणसं जिवंत केली. हॉल हसला. अक्का मागच्या दारापाशी उभ्या होत्या, टोकनांचा डबा हातात.

या प्रसंगाबद्दल मी घरी नेहमी एवढंच सांगत आले, की मी स्टेजवर होते आणि काही बोलू शकले नाही.

कॅसेटी परत येईनात. मी चार पत्रं लिहिली. उत्तर येई, योग्य वेळी पाठवू. योग्य वेळ. दुसऱ्याची वस्तू मागून न्यायची आणि परत द्यायची वेळ आपण ठरवायची, ही कुठली रीत, ते मी पाचव्या पत्रात विचारलं आणि मग पत्र न टाकता रिक्षा करून स्वतःच गेले. एका शिपायानं खोकं आणि डेक आणून पायरीवर ठेवले. प्राध्यापक वर्गात होता म्हणे. मी त्याच्या टेबलावर माझं पत्र ठेवून आले.

खोकं घेऊन मी थेट अक्कांच्या घरी गेले. मला वाटत होतं, मी मोठं काम करून आले. त्यांनी कॉफी दिली. मी यादीवर खुणा करत होते, त्या एकेक कॅसेट पाहत होत्या. नावाड्याच्या कॅसेटीच्या कडेला जी खाच असते, ज्यामुळे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, ती कुणीतरी चिकटपट्टी लावून बुजवली होती. सरळ कापलेली पट्टी. अक्कांनी कॅसेट डेकमध्ये घातली.

नदी नव्हती. नावाडी नव्हता. बक्षीस समारंभ होता. लग्नाचं शूटिंग करणारा माणूस बोलावला होता, त्याची कॅसेट संपली, आणि कुणीतरी हाताला लागली ती दिली.

प्राध्यापक बोलत होता. मेलेली माणसं जिवंत केली. कॅमेरा हॉलवर फिरला, मग स्टेजवर आला आणि माझ्यावर थांबला. मी हसत होते. तोंडावर हात नाही, मान खाली नाही. शेजारच्या चेन्नईच्या पाहुण्याकडे झुकून, दात दिसतील असं हसत होते. मी टाळ्याही वाजवल्या. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. शपथेवर सांगते, आठवत नव्हतं. पण ते होतं, अगदी अचूक.

मी म्हटलं, "बंद करा, अक्का."

त्यांनी केलं नाही. त्या उभ्या राहून पाहत राहिल्या. माझं भाषण झालं, हार झाले, राष्ट्रगीत झालं, माणसं पांगली, एक झाडूवाली खुर्च्या हलवू लागली, आणि मग पडदा करडा होऊन खरखरला. दोन चित्रं पाहायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो मला वाटला.

"ती निळी साडी तुम्हाला शोभते," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नव्हता, मी अजून ठरवू शकलेले नाही.

मग त्या खाली बसल्या. कॅसेट बाहेर काढली, चिकटपट्टी नखानं सोलून काढली. ड्रॉइंगचं बारीक निब घेतलं, काळी शाई घेतली, नवा कागद कापून चिकटवला आणि हळूहळू लिहिलं. फुंकर घालून वाळवलं आणि मला दिलं.

"हे तुमचं आहे, मॅडम. बाकीच्या मी ठेवते."

त्या जूनमध्ये त्यांनी बदली मागून घेतली, नागपट्टणमच्या बाजूच्या शाळेत. अर्जावर सही माझीच लागायची होती. मी केली. भाऊ निवृत्त झाल्यावर दोघं विशाखापट्टणमला गेली, तिथंच अक्का वारल्या, असं कुणाकडून तरी दोन वर्षांनी कळलं. गल्लीतल्या शनिवारांना नंतर मुलं जमली नाहीत. जमली असती तरी उभं राहायला कुणी नव्हतं.

कॅसेट माझ्या कपाटात आहे. ती लावायला आता घरात काही नाही, आणि ते बरं आहे. पण कधीतरी बाहेर काढून मी लेबल पाहते. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या आद्याक्षरासकट, देवनागरीत. प्रत्येक काना सरळ, प्रत्येक वेलांटी एका ओघातली, कुठं शाई फुटलेली नाही. माझं नाव इतकं सुंदर दुसऱ्या कुणी कधी लिहिलं नाही.