पडद्यामागचं साळिंदर

गोजाबाईचा राग ज्यानं बघितला नाही, त्यानं राग बघितलाच नाही. आमच्या कंपनीच्या कँटीनला ती पोळ्या लाटायची. चिंचवडच्या पुढं, जर्मन भागीदारीतली कंपनी. सातशे माणूस, आणि सातशेच्या सातशे तिला वचकून. ताटात कुणी पोळी टाकून उठला की ही लाटणं घेऊन हात धुवायच्या नळापर्यंत त्याच्या मागं. एका फोरमनला तर परत बसवून खायला लावलं होतं. त्याची गंमत वेगळीच आहे, पण ती राहू दे.

मी तिथं इलेक्ट्रिशियन. ती आणि मी मावळातल्या एकाच गावचे, एकाच शाळेतले. फरक एवढाच, की मी वर्गात बसायचो आणि तिला पडवीत बसवायचे. मास्तर आत शिकवायचे, ती खिडकीतून फळा बघायची. दुसरीत तिनं शाळा सोडली.

सन शहात्तरची गोष्ट. हाफनर नावाचे जर्मन इंजिनियर मशिनं बसवायला आले होते. त्यांच्या बाईंनी आपल्या मुलांसाठी तिकडच्या टीव्हीवरच्या एका बालकार्यक्रमाची रिळं आणली होती. बाई मनाची मोठी. म्हणाली, कंपनीतल्या सगळ्यांचीच पोरं येऊ देत. मग दर शनिवारी दुपारी तीनला कँटीनच्या हॉलमध्ये पडदा लागायचा आणि प्रोजेक्टर मी चालवायचो.

काय कार्यक्रम होता, राव! टेबलापाशी एक खराखुरा माणूस, चष्मा आणि टाय लावलेला, आणि त्याच्या शेजारी चित्रातलं साळिंदर. हातानं काढलेलं, पण चालतंय, बोलतंय, त्या माणसाच्या खांद्यावर चढतंय. माणूस साबण कसा होतो, घड्याळ कसं चालतं ते दाखवायचा आणि साळिंदर मध्येमध्ये प्रश्न विचारायचं. सगळं जर्मनमध्ये. पोरांना ओ की ठो कळेना.

पहिल्याच शनिवारी तो माणूस केक खायला बसला आणि साळिंदर आपलं बघत उभं. मागं टेबलं पुसणारी गोजाबाई कडाडली, "अरं ए चष्म्या! त्येला दे की तुकडा! एकटाच गिळतोस व्हय?"

आणि पडद्यावरच्या माणसानं, जणू ऐकूच गेलं त्याला, तुकडा मोडून पुढं धरला! हॉल हसून लोटपोट.

त्या दिवसापासून मी आवाज बारीक करायचो आणि साळिंदराच्या वतीनं गोजाबाई बोलायची. जर्मन तिला येत नव्हतं, पण साळिंदराला राग कशाचा येत असेल ते तिला बरोबर कळायचं. "साबण तू केलास म्हणतोस, मग हात कुणाचं भाजलं ते सांग की!" "घड्याळ दावतोस, पर जेवायची सुट्टी कवा हाय?" साहेबांची आणि कामगारांची पोरं एकाच सतरंजीवर पोट धरून हसायची.

मग साहेबांची पोरं घरी "व्हय की न्हाई" करायला लागली आणि बंगल्यांतून कुरबुर सुरू झाली. हाफनर कुटुंब होतं तोवर सगळे गप्प. करार संपून ते मायदेशी गेले, प्रोजेक्टर आणि रिळं कंपनीला देऊन. त्याच आठवड्यात वेल्फेअर ऑफिसर दौलतराव यांनी फळ्यावर नोटीस लावली: हॉलमध्ये फक्त अधिकाऱ्यांची मुलं बसतील, कामगारांच्या मुलांनी व्हरांड्यातल्या खिडकीतून शांतपणे बघावं. वर गोजाबाईला कागद दिला. साळिंदरानं काय बोलायचं ते शुद्ध भाषेत लिहिलेला.

तिनं तो भट्टीत घातला. त्या शनिवारी तोंडातून शब्द काढला नाही. खिडकीच्या गजांना पोरं चिकटलेली, त्यांत तिची आठ वर्षांची प्रभावती. मला सगळं दिसत होतं. मी रीळ लावलं.

दुसऱ्या शनिवारी तेच. प्रभावती आत आली तर दोन्ही गालांवर गजांचा गंज. गोजाबाईनं पदरानं तो इतका खसाखसा पुसला की पोरगी रडायला लागली.

"अगं, पोरीवर कशाला राग काढतेस?" मी म्हणालो.

"पोरीवर न्हाई! मी पडवीतनं शाळा बघितली, आता हिनं पडवीतनं साळिंदर बघायचं? आन किसन, तू आत बसून मशीन फिरीव. तवाबी आतच हुतास."

मी रीळ गुंडाळून डब्यात घातलं.

तिसऱ्या शनिवारी रीळ सुरू केलं आणि पडद्याच्या मागून साळिंदर बोलायला लागलं! हॉल आणि भटारखाना यांच्यामध्ये भिंत नव्हती, तिथंच पडदा बांधायचो. पातळ कापड, मागूनही चित्र दिसायचं, फक्त डावं ते उजवं. गोजाबाईनं मागच्या दारानं कामगारांची सगळी पोरं आणून कणकेच्या पोत्यांवर बसवली होती. जर्मन अक्षरं उलटी दिसत होती म्हणे. सुलटी कुणाला वाचता येत होती!

पडद्यामागं हशा, आणि हॉलमध्ये नुसतं चित्र. सगळ्यात आधी दौलतरावांची धाकटी पडद्याखालून सटकली. मग एकेक करत सगळी. हॉलमध्ये उरलो मी आणि दौलतराव.

ते तणतणत पडद्यामागं घुसले. "गोजाबाई, बाहेर काढा ह्या सगळ्यांना!"

"सायब, पोळ्या हितं होत्यात. चपला काढून या."

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ द्या की. सोमवारी सातशे माणसांच्या पोळ्या तुमी लाटा. कशा लाटायच्या ते कागदावर लिहून देते. शुद्ध."

त्यांची धाकटीच सगळ्यांत मोठ्यानं हसली. साहेब लालबुंद होऊन हॉलमध्ये परत आले आणि माझ्यावर वळले. "किसन, पडदा काढ आणि समोरच्या भिंतीला लाव. आत्ताच्या आत्ता!"

पडदा हलवला की प्रोजेक्टरही हलवायला लागणार, आणि माझ्या पायाशी त्याच्या वायरचं हे एवढं वेटोळं पडलेलं.

"साहेब," मी म्हणालो, "वायर पुरत नाही."

त्यांनी वेटोळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मुलीला हाक न मारताच निघून गेले. नोटीस कुणी काढली नाही, पण पुढच्या शनिवारी हॉलमध्ये सतरंजी पसरली आणि सगळी पोरं तिच्यावर बसली. कुणीही अडवलं नाही.

मला वाटलं, गोजाबाई शाबासकी देईल. पण कुठलं काय! त्या शनिवारी रीळ लागलं, साळिंदर टेबलावर चढलं आणि कडाडलं, "पोरांनो, त्यो मागं मशीनपाशी बसलाय न्हवं, त्येला इचारा! वायर पुरत न्हाई, एवढं म्हणायला तीन शनिवार का लागलं?"

आणि सतरंजीवरची झाडून सगळी पोरं मागं वळून माझ्याकडं बघायला लागली.