अस्तराची वकिली

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत गर्भाशयाच्या अस्तराविषयी ऐकून न घेता लग्नाचं जेवून उठलेला माणूस दाखवा, मी त्याच्या घरी पाणी भरीन. ही करामत माझ्या मामेसासऱ्यांची. अमळनेरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही म्हणून पंगत धरली. एकदा धुळ्याहून येताना त्यांनी एसटीत हा विषय काढला, तर कंडक्टर घंटी मारायचा विसरला आणि अर्धी गाडी आपापली गावं मागे टाकून अमळनेरला उतरली. एका म्हातारीने म्हणे त्यांच्या पाया पडून विचारलं, महाराज, उद्याचं कीर्तन कुठे?

गर्भ आईच्या अंगात बापाकडचा परका अंश घेऊन येतो. परकं दिसलं की मारायचं, एवढंच शिकलेल्या आपल्या अंगातल्या शिपाई पेशी मग त्याला सोडतात कशा? मामा पानातली बट्टी उंच धरून सांगत, की अस्तरात एक एन्झाइम तयार होतं आणि ते ट्रिप्टोफॅन नावाचा अन्नघटक फस्त करतं. दुधात, डाळीत, केळ्यात असतो तो. तो मिळाला नाही की शिपाई मंदावतात, गर्भाच्या वाटेला जात नाहीत. साक्रीच्या एका लग्नात कुणी म्हणालं, "सर, आमनाकडे उपाशी मानूसच जास्त भांडस." मामा म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला देवाने अस्तर केलं नाही." वाढपी इतका हसला की अर्ध्या पंगतीचे सदरे वरणाने पिवळे झाले. शेवटी मामांचं एक वाक्य असे: ही उपासमार फक्त त्या अस्तरापुरती, आईचं पोट भरलेलंच हवं. पण तोवर लोक हात धुवायला उठलेले असत.

हे वेड कशापायी, ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांची एकुलती मुलगी रावेरला केळीवाल्यांच्या घरी दिलेली. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. हिच्याच अंगात खोट, म्हणून भाऊबंद तिला नावं ठेवायला लागले. तेव्हापासून मामा जिथे चार माणसं जेवायला बसतील तिथे तिची वकिली करत, तिचं नाव न घेता.

तिसऱ्या खेपेला चौथा महिना लागला तेव्हा मी मामांबरोबर रावेरला गेलो. त्या घरात म्हशीसुद्धा केळी खाऊन कंटाळलेल्या, आणि पोरगी मात्र कोरडी भाकरी चटणीशी खात होती. गाल बसलेले. मामांनी विचारलं तर विहीणबाई अभिमानाने म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच तं सांगतलं, त्या शिपायांले उपाशी ठेवा लागते म्हनून. दूध, दाय, केयं, बठ्ठं बंद केलं. मी बी खात नाही तिच्यासंगं."

मामा ओसरीवर बसकण मारून बसले. मग ते एकच राहिलेलं वाक्य त्यांनी विहीणबाईंना तासभर समजावलं. त्या रडल्या, लगेच दूध तापवलं, सुनेच्या पुढ्यात केळ्यांची अख्खी फणी ठेवली. मामांनी कुणाला दोष दिला नाही. परतीच्या गाडीत ते चकार शब्द बोलले नाहीत, आणि त्या गाडीतला प्रत्येक जण आपापल्या गावी उतरला.

तीन आठवड्यांनी ते मूलही गेलं. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, खाण्याने असं होत नाही, पुष्कळदा कारण सापडतच नाही. मामांनी मान डोलावली. पटलं नाही, हे मला दिसत होतं.

दवाखान्यात पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच वडिलांना म्हणाली, "दादा, माझ्याच अंगाने हाकललं का त्याला?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाले, "नाही बाई. तुझं अंग त्याला शेवटपर्यंत धरून होतं. त्याचाच हात सुटला."

ती वळली, त्यांचा हात उशाखाली घेऊन झोपली. हात अवघडला तरी मामा दुपार टळेपर्यंत तसेच वाकून बसले. हे कुठल्या पुस्तकात आहे, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.