वैशूताईचं लग्न आणि आतली चिप

आमच्या वैशूताईचं लग्न गरम होऊन बंद पडायचं. नेमकं अक्षतांच्या वेळी.

म्हणजे मामांच्या या मुलीचं खरं लग्न सुरळीत पार पडलं होतं. बंद पडायचं ते त्याचं शूटिंग. फोटोवाल्यानं दिलेल्या सीड्या नातेवाइकांत फिरून फिरून इतक्या ओरखडल्या होत्या, की नवरदेव जागच्या जागी थरथरायचा. उरलेली एकमेव प्रत मामांच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि त्या कॉम्प्युटरनं एके दिवशी धूर सोडून राम म्हटला. आतली हार्ड डिस्क तेवढी शाबूत. आणि ताई तर येत्या रविवारनंतर नवऱ्याबरोबर मस्कतला चाललेली!

"एवढं लग्न बरोबर न्यायला मिळालं ना, तर तिकडे करमेल रे," ताई म्हणाली. जावईबापूंनी त्यासाठी आपला लॅपटॉपच आमच्याकडे ठेवून दिला.

मी तेव्हा भाईंदरला, खारी गावाच्या अंगाला, मामांकडे राहायचो. नववीतच शाळेला रामराम ठोकून रत्नागिरीहून आलेलो. वन रूम किचनमध्ये माणसं आधीच दाटीवाटीनं, त्यात मामा-मामींनी मला सामावून घेतलेलं. त्या उपकाराचं दडपण एवढं, की पाणी प्यायलो तरी पेला विसळून, पुसून, उजेडात धरून बघायचो. उद्या काही बिनसलं आणि 'जा बाबा गावी' म्हणाले तर? म्हणून मामा जेव्हा म्हणाले, "ही डिस्क कुठे दुकानात द्यायची का रे?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "दुकानात कशाला मामा? मी करतो की!"

(मी सायबर कॅफेत होतो. काम काय, तर खुर्च्या पुसायच्या आणि वेळ संपली की गिऱ्हाइकाला उठवायचं. पण घरात माझी ओळख 'कॉम्प्युटर लाइनमधला' अशी होती आणि ती पुसायचं धाडस मला होत नव्हतं.)

कॅफे चालवणाऱ्या पाटीलदादांना मी विचारलं. ते म्हणाले, "डिस्क बाहेरून जोडायची तर केसिंग लागतं. पण नुसती पेटी बघून घेऊ नको, आतली चिप बघ. डिस्क एक भाषा बोलते, यूएसबी दुसरी. चिप म्हणजे मधला दुभाषी. तो ढ असला की मोठी डिस्क अर्धीच दिसते, नाहीतर गडी मध्येच गप्प होतो."

"आणि स्पीड?"

"खोक्यावर 'फुल स्पीड' लिहिलं असेल तर भुलू नको, ती जुनी बैलगाडी. 'हाय स्पीड' बघ. बॉडी ॲल्युमिनियमची घे, आतली उष्णता बाहेर पडते. आणि सारखी बंद पडायला लागली ना, तर डिस्कच जाईल हां! मग ताईचं लग्न गेलं कायमचं."

झालं! माझी झोप उडाली. मीरा रोडला जिग्नेशभाईंच्या दुकानात गेलो आणि एकेक केसिंग उघडायला लावलं.

"भाई, अंदर चिप कौनसी है?"

"अरे, काली चिप है! सबमें काली ही होती है!"

"इसका नाम तो घिसा हुआ है."

"तेरे को डिस्क डालनी है, की चिप की शादी करानी है?"

शेवटी एका चिपवर अक्षरं स्पष्ट दिसली. ती काय होती ते मला अजिबात कळलं नाही, पण डॉक्टर एक्स-रे बघतात तशी मान हलवून मी म्हटलं, "हां, ये ठीक है." बॉडी ॲल्युमिनियमची, खोक्यावर 'हाय स्पीड'. मी विजयी मुद्रेनं घरी आलो.

आमच्या मामींच्या घरात उघडं काही राहायचं नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला लेस लावलेलं कव्हर. पाहुणा फार वेळ हलला नाही तर त्याचंही माप घेतील, असं मामा म्हणायचे. मामींनी संध्याकाळपर्यंत केसिंगलाही कव्हर शिवलं. आत गोधडीचा थर, वर मखमल, कडेला जरी आणि वायरीसाठी नीट काजं करून भोक!

"तुझी पहिली वस्तू ना रे ही," मामी म्हणाल्या. "धूळ बसायला नको."

मला भरून आलं. मी कव्हर चढवलं, लॅपटॉपवर कॉपी सुरू केली आणि बाजूला शूटिंगही लावलं. हळद झाली, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि अक्षता पडणार तोच डिस्क गायब!

"चिप!" मी कपाळावर हात मारला.

कव्हर काढून, घडी करून ठेवलं आणि दुकान गाठलं. तिथे त्यांच्या कॉम्प्युटरवर नुसतं लावून बघितलं, तर लग्न सप्तपदीपर्यंत धडधडत चाललं! तरीही माझ्या हट्टापायी जिग्नेशभाईंनी पेटी बदलून दिली. घरी आणली, कव्हर चढवलं, अक्षतांना बंद. परत दुकान. परत ठणठणीत! जिग्नेशभाईंना लग्न पाठ झालं होतं. "अब दुल्हन के पप्पा रोएंगे," ते इतर गिऱ्हाइकांना सांगायचे.

रविवार उजाडला. ताई आली, जावई आले आणि ताईच्या सासूबाई आल्या. सगळे लॅपटॉपभोवती बसले. मी पेटीला कव्हर चढवून पुन्हा कॉपी सुरू केली. मंगलाष्टकं सुरू झाली तशी सासूबाईंनी सहज मखमलीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अगं बाई! याला ताप भरलाय! एवढ्या उकाड्यात गोधडी कुणी घातली याला? काढा आधी!"

मामांनी कव्हर ओढून काढलं. जवळचा पुठ्ठा घेऊन ते पेटीला वारा घालू लागले. अक्षता पडल्या! वरमाला पडल्या! पडद्यावर मामा रडले, पुठ्ठा हलवता हलवता इकडचे मामाही रडले, आणि कॉपी पूर्ण झाली. ताईनं लॅपटॉप छातीशी धरला.

तेवढ्यात मामींचा आवाज आला, अगदी बारीक. "म्हणजे... माझ्या कव्हरमुळे होत होतं का रे?"

सगळ्यांच्या नजरा 'कॉम्प्युटर लाइन'कडे! समोर विहीणबाई बसलेल्या. मामींचा चेहरा मला बघवेना.

"छे, छे! कव्हरचा काय संबंध?" मी म्हटलं. "चिपच हलकी निघाली. मलाच निवडता आली नाही."

मामांनी हातातल्या मखमलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

"बरं," मामा म्हणाले. "पुढच्या वेळी घेताना मला सांग, आपण दोघं जाऊ."

पुढच्या वेळी! म्हणजे मी राहणार होतो! त्या दिवशी मामींनी माझ्या पानात न विचारता आणखी दोन घावणे वाढले, आणि ते मी मान खाली घालून खाल्ले.

आज एवढी वर्षं झाली, पण आमच्या नात्यात कुणाला मोबाइलपासून फ्रिजपर्यंत काहीही घ्यायचं असलं, की आधी मला फोन येतो. कुठलं चांगलं ते मी अगदी आतल्या चिपसकट समजावून सांगतो. ते मन लावून ऐकतात, आणि मी सांगितलेलं तेवढं सोडून दुसरं काहीही घेतात!